काळजीला काम द्या

‘काळजी करू नका, लहानसं तर ऑपरेशन आहे.’ पाळलेल्या सशाला नसबंदीसाठी दवाखान्यात नेणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य ऐकलेले असते. डॉक्टर म्हणतात, शेजारी म्हणतात, फोनवरून मावशीही म्हणते. ऐकणाऱ्याची काळजी त्याने तसूभरही हलत नाही. दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसलेली मुलगी मांडीवरच्या भाजीच्या बास्केटवरचा टॉवेल पुन्हा एकदा उचलून बघते. आत दीड किलोचा पांढरा जीव अंग चोरून बसलेला असतो, नाकपुड्या तेवढ्या हलत असतात. पलीकडे एक लॅब्रेडॉर साखळीला हिसके देत असतो. आणि घरून निघताना कोणीतरी म्हटलेलेच असते, ‘एवढ्याशा सशासाठी?’

या काळजीची थट्टा करण्याचे कारण नाही. तिला थोपटून गप्प बसवण्याचेही नाही, कारण ती निराधार नाही. आमचे म्हणणे इतकेच, की ती बहुधा चुकीच्या वेळी खर्च होते. टेबलावरच्या त्या अर्ध्या-पाऊण तासाची धास्ती सगळेच घेतात, आणि नेमक्या त्याच वेळात घरच्यांना करण्यासारखे काहीही नसते. आधीचा आठवडा आणि नंतरचे दोन दिवस मात्र त्यांच्या हाती असतात. तिथे पोचेपर्यंत काळजी करून करूनच माणूस थकलेला असतो.

आधी धोक्याचे माप घेऊ. ब्रिटनमधील ११७ पशुवैद्यकीय दवाखान्यांत २००२ ते २००४ या काळात भूल दिलेल्या प्राण्यांची मोठी पाहणी झाली. डेव्हिड ब्रॉडबेल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध केले. भुलेशी निगडित मृत्यूंचे प्रमाण निरोगी कुत्र्यांत ०.०५ टक्के, निरोगी मांजरांत ०.११ टक्के आणि निरोगी सशांत ०.७३ टक्के निघाले. आधीपासून आजारी असलेल्या सशांत ते ७.३७ टक्क्यांवर गेले. साध्या हिशेबाने, धडधाकट सशांत सुमारे १३७ जणांमागे एक आणि आजाऱ्यांत १४ जणांमागे एक. हे आकडे सर्व प्रकारच्या शस्त्रक्रियांचे आहेत, नुसत्या नसबंदीचे नाहीत. शिवाय ते परदेशातले आणि वीस वर्षांपूर्वीचे आहेत. आपल्या गावातल्या दवाखान्याला ते जसेच्या तसे लावता येणार नाहीत.

तरी त्यांतून दोन गोष्टी कळतात आणि दोन्ही कामाच्या आहेत. निरोगी आणि आजारी सशांतले अंतर दहापट आहे. म्हणजे शस्त्रक्रियेपूर्वीची तपासणी हा उपचार म्हणून उरकायचा भाग नाही. दुसरी गोष्ट वेळेची. दगावलेल्या सशांपैकी सुमारे ६४ टक्के टेबलावर दगावले नव्हते. ते शस्त्रक्रिया आटोपल्यावर गेले, आणि त्यांतले बरेचसे पहिल्या काही तासांत. ‘ऑपरेशन छान झालं’ हा फोन आला की घर सुटकेचा श्वास टाकते. सशाच्या बाबतीत राखणीची वेळ तिथून सुरू होते.

याचे मूळ सशाच्या घडणीत आहे. त्याचे तोंड अरुंद, जीभ जाड आणि श्वासनलिकेचे दार खोल. त्यामुळे कुत्र्याला सहज बसते ती नळी त्याला बसवणे कौशल्याचे काम असते. तो मुख्यतः नाकानेच श्वास घेतो, म्हणून साधी वाटणारी सर्दीही भुलेखाली महागात पडू शकते. अंग लहान, त्यामुळे शरीराची ऊब भराभर निघून जाते. आणि तो शिकार होणारा प्राणी आहे. दुखले तर कुत्रा केकाटतो, मांजर गुरगुरते. ससा गप्प बसतो, कारण दुखणे दाखवणारा कळपातून आधी उचलला जातो. दवाखान्यात ‘किती शहाणा आहे हो तुमचा ससा’ असे कौतुक होते तेव्हा तो शहाणपणाने बसलेला असतोच असे नाही. भीतीनेही तो तसाच बसतो.

मग हा खटाटोप करायचा कशासाठी? माद्यांच्या बाबतीत उत्तर स्पष्ट आहे. नसबंदी न झालेल्या मादीला वय वाढेल तसा गर्भाशयाचा कर्करोग होण्याची शक्यता झपाट्याने वाढते. चार वर्षांपुढच्या माद्यांच्या काही अभ्यासांत हे प्रमाण निम्म्याहून अधिक आढळले आहे. नीट सांभाळलेला ससा आठ-दहा वर्षे सहज जगतो. म्हणजे आयुष्याच्या मध्यावरच हा धोका दारात उभा असतो. आपल्याकडच्या आज्या-काकूंना हे समजावून सांगावे लागत नाही. ‘पिशवी काढली’ हे शब्द त्यांच्या बोलण्यात केव्हाचे आहेत, आणि ते वेळेवर झाले तर काय टळते हेही त्यांना ठाऊक असते.

कर्करोगाच्या अलीकडेही कारणे आहेत. वयात आलेली मादी कधी कधी खोट्या गरोदरपणात जाते. छातीवरचे केस स्वतःच्या दातांनी उपटून ती कोपऱ्यात मऊ घरटे करते, जवळ येणाऱ्या हाताला चावते, आणि पिल्ले काही येत नाहीत. घरच्यांना सकाळी पलंगाखाली पांढऱ्या केसांचे पुंजके सापडतात आणि ससा आजारी पडला असे वाटते. नर वयात आला की लघवीच्या चिळकांड्या उडवतो, पायांभोवती घिरट्या घालतो, दुसऱ्या नराला रक्त येईपर्यंत चावतो. शिवाय ‘दोन्ही माद्याच आहेत’ अशी खात्री देऊन विकलेली जोडी घरी आणल्यावर काही महिन्यांत काय होते, हे अनेक घरांनी अनुभवले आहे. सशाची मादी साधारण ३१ दिवसांत विते आणि व्याल्यानंतर काही तासांतच पुन्हा गाभण राहू शकते. १८५९ मध्ये ऑस्ट्रेलियात थॉमस ऑस्टिन यांच्या इस्टेटीवर २४ ससे आले. पुढे त्या खंडाने सशांशी जे युद्ध मांडले ते अजून संपलेले नाही.

नराच्या बाबतीत इतके निकडीचे वैद्यकीय कारण नसते. एकटाच असलेला, शांत, वयस्क नर असेल तर शस्त्रक्रिया न करणे हाही विचारपूर्वक घेतलेला निर्णय ठरू शकतो. म्हाताऱ्या किंवा आजारी सशाच्या बाबतीत तर तोच बरेचदा शहाणपणाचा असतो. ‘सगळे करतात म्हणून’ किंवा ‘कशाला जिवाशी खेळ म्हणून’ ही दोन्ही उत्तरे आळशी आहेत. प्रश्न त्या एका सशाचा आहे, आणि उत्तरही त्याच्यापुरतेच शोधावे लागते.

‘पण हे निसर्गाविरुद्ध नाही का?’ हा प्रश्न मनाच्या तळाशी असतोच. घरातला ससा हा आपल्या माळावरच्या सशाचा पाळीव भाऊ नाही, हे इथे लक्षात घ्यायला हवे. माळावरचा ससा बिळे खोदत नाही, त्याची पिल्ले डोळे उघडे घेऊन जन्मतात आणि त्याला पाळणे कायद्यातही बसत नाही. घरातला ससा स्पेन-पोर्तुगालच्या भूमीतल्या, बिळात राहणाऱ्या युरोपीय सशाचा वंशज आहे. तिकडे भराभर पिल्ले होतात, कारण त्यांतली बहुतेक कोल्ह्याच्या किंवा घारीच्या तोंडी जातात. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये कोल्हा नाही, बीळ नाही आणि धावायला माळही नाही. निसर्गाचा बाकीचा सगळा हिशेब आपण आधीच बदललेला आहे. त्यातला पिल्लांचा भाग तेवढा तसाच ठेवला, तर ओझे त्या मादीच्या शरीरावर पडते.

निर्णय झाला की काळजीला कामाला लावण्याची वेळ येते. लहानपणी ऐकलेल्या गोष्टीत पाठीवर पान पडते आणि ससा ‘आभाळ पडलं’ म्हणत पळत सुटतो. त्याच्यामागे अख्खे जंगल धावते. ही धावपळ थांबवणारा सिंह काही धीर देत नाही. तो एवढेच विचारतो, आभाळ कुठे पडले ते दाखवा. आपल्या काळजीलाही हेच विचारायला हवे. ‘काहीतरी होईल’ यातले ‘काहीतरी’ म्हणजे नेमके काय, ते कागदावर लिहायचे. श्वास? भूल? पोट? टाके? लिहिले की त्यातल्या निम्म्याअधिक ओळींचे प्रश्न होतात, आणि प्रश्न डॉक्टरांना विचारता येतात.

ते प्रश्न संकोच न करता विचारावेत. तुम्ही सशांच्या किती शस्त्रक्रिया केल्या आहेत? भूल कोणती देणार आणि ती चालू असताना श्वास व ठोके यांवर लक्ष कोण ठेवणार? अंग गरम ठेवण्याची सोय काय? वेदनाशामक औषध शस्त्रक्रियेआधीपासून देणार का, आणि घरी किती दिवस द्यायचे? रात्री काही वाटले तर फोन कोणाला करायचा? आपल्याकडचे पशुवैद्य गायी-म्हशींवर आणि कुत्र्या-मांजरांवर तयार झालेले असतात. त्यांच्यातल्या ज्यांनी सशांचा वेगळा अभ्यास केला आहे, त्यांना या प्रश्नांचा राग येत नाही. एखाद्याला आला, तर तेही एक उत्तरच आहे.

एक सूचना मात्र डोळ्यांत तेल घालून तपासावी. ‘आदल्या रात्रीपासून काही खायला देऊ नका’ असे अनेकदा सांगितले जाते. माणसासाठी आणि कुत्र्यासाठी ते बरोबर आहे; भुलेखाली उलटी होऊन अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. सशाला उलटी करताच येत नाही. उलट त्याचे आतडे सतत चालू राहावे लागते. गवताचा पुरवठा थांबला की आतली जिवाणूंची भट्टी विझू लागते. म्हणून सशाला उपाशी ठेवायचे नसते. शस्त्रक्रियेच्या थोडे आधी तोंडात घास नसला म्हणजे पुरते. दवाखान्यात जाताना त्याच्या सवयीचे गवत आणि कोथिंबिरीची जुडी बरोबर न्यावी, म्हणजे शुद्धीवर आल्या आल्या ओळखीचा वास समोर असेल. घरात त्याचा जोडीदार असेल तर तोही सोबत न्यावा. एकट्यालाच नेऊन आणले, तर दवाखान्याचा वास घेऊन परतलेल्याला जोडीदार परका समजून मारण्याची शक्यता असते. नर आणि मादी अशी जोडी असेल तर मात्र परतल्यावर वेगळे ठेवायचे. नसबंदीनंतरही नराकडून चार ते सहा आठवडे पिल्ले होऊ शकतात.

तारीख ठरवतानाही थोडे पंचांग पाहावे, मुहूर्ताचे नव्हे, हवेचे. सशाला घाम येत नाही. उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो. मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात रिक्षातून दवाखान्यात नेलेला ससा टेबलावर चढण्याआधीच थकलेला असतो. दिवाळीच्या फटाक्यांच्या आठवड्यात किंवा खिडकीखाली ढोल-ताशे वाजणार असतील त्या दिवसांत बरे व्हायला ठेवणेही योग्य नाही. घाई नसेल तर हिवाळ्याची सकाळ सगळ्यांत चांगली.

शस्त्रक्रियेच्या दिवसाची ती मधली वेळ कोणालाच चुकत नाही. तिच्यावर औषध नाही. ती काढायची असते. डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी एकदाच फोन करावा. आदल्या रात्री दोन वाजता मोबाइलवर दगावलेल्या सशांच्या कहाण्या वाचू नयेत. सुखरूप घरी आलेल्या १३६ जणांविषयी कोणी लिहीत नाही. घरात लहान मुले असतील तर त्यांना खरे सांगावे, पण शब्द जपून वापरावेत. म्हाताऱ्या कुत्र्याला ‘झोपेचं इंजेक्शन दिलं’ हे मुलांनी ऐकलेले असते. ‘सशाला झोपवणार आहेत’ म्हटले की त्यांच्या डोक्यात तेच येते. ‘भूल देणार आहेत, दुखू नये म्हणून; संध्याकाळी आणायला जाऊ; धोका थोडा आहे, म्हणून चांगल्या डॉक्टरांकडे नेलंय’, इतके सहा-सात वर्षांच्या मुलाला पुरते आणि समजते.

संध्याकाळी ससा घरी येतो आणि रात्र वैऱ्याची सुरू होते. इथे काळजी हवी, जागी आणि शिस्तीची. शांत, उबदार खोली, खाली टॉवेल किंवा कोरे कागद. भुसा नको, तो टाक्यांना चिकटतो. पाणी, गवत, कोथिंबीर, थोड्या दुर्वा समोर. मग फक्त दोन गोष्टी पाहायच्या: तोंडातून काय गेले आणि मागून काय आले. खाणे आणि लेंड्या. पहिल्या काही तासांत भूक मंद असणे समजण्यासारखे आहे. पण घरी आल्यावरही ससा घासाला तोंड लावत नसेल, तर डॉक्टरांनी दिलेले पातळ खाद्य सिरिंजने, गालाच्या कडेने, थोडे थोडे द्यावे लागते. बारा तास उलटूनही खाणे नाही आणि लेंडी नाही, तर सकाळची वाट पाहू नये. आतडे थांबणे हे सशाच्या बाबतीत तातडीचे दुखणे आहे.

दुखणे ओळखायचे कसे, यासाठी २०१२ मध्ये संशोधकांनी सशाच्या चेहऱ्यावरची लक्षणे मांडून एक मोजपट्टी तयार केली. अर्धवट मिटलेले डोळे, चपटे झालेले गाल, ताणलेल्या नाकपुड्या, बदललेली मिशांची ठेवण, मागे घट्ट मिटलेले कान. याबरोबर दात करकरणे आणि पोट जमिनीला दाबून बसणेही लक्षात घ्यावे. वेदनाशामक औषध सांगितलेले सगळे दिवस द्यावे, ‘आता बरा दिसतो’ म्हणून मध्येच थांबवू नये. माणसांच्या गोळ्या अंदाजाने देऊ नयेत. अमॉक्सिसिलिनसारखी पेनिसिलीन गटातली औषधे सशाला तोंडावाटे देणे त्याच्या आतड्यासाठी घातक ठरते. चिठ्ठीवर तसे काही दिसले तर देण्याआधी विचारून घ्यावे. गळ्यात घालायची प्लास्टिकची कॉलर कुत्र्याला ठीक असते. ससा मात्र रात्री-पहाटे स्वतःची मऊ विष्ठा तोंड खाली नेऊन पुन्हा खातो, आणि त्या अन्नाची त्याला गरज असते. कॉलरने तेच बंद होते.

आणि त्याला सारखे उचलू नये. काळजीने भरलेल्या माणसाला ससा छातीशी धरावासा वाटतो. सशाच्या लेखी मात्र जमिनीवरून उचलले जाणे म्हणजे पकडले जाणे. हिसका मारून सुटताना तो स्वतःचे टाके, कधी पाठीचा कणाही दुखावू शकतो. टाके सकाळ-संध्याकाळ एकदा पाहावेत, बाकी वेळ त्याच्या शेजारी जमिनीवर पुस्तक घेऊन बसावे. तो पाठ फिरवून बसेल, मागचा पाय आपटेल. घरच्यांना वाटते, रुसला. आपण त्याला फसवून नेले हे त्याला कळले. त्याच्या मनात काय आहे हे आपण सांगू शकत नाही. अंग दुखते आहे आणि अंगाला परका वास येतो आहे, हे मात्र सांगू शकतो. ते दोन्ही काही दिवसांत जाते. अपराधीपणाची भावना त्याहून जास्त दिवस टिकते. तिला एवढेच सांगता येईल की सशाची संमती घेणे आपल्याला शक्य नव्हते, म्हणूनच त्याच्या वतीने नीट विचार करणे भाग होते.

शेवटी एक मुद्दा घराबाहेरचा. काही शे रुपयांना मिळणाऱ्या प्राण्यावर काही हजारांची शस्त्रक्रिया, हे गणित अनेकांना विचित्र वाटते. सशाला आपण खेळणे म्हणून आणतो आणि दवाखान्यात गेल्यावर तो प्राणी असल्याचे आठवते. विकणाऱ्याने नर-मादी नीट सांगणे, दवाखान्याने सशासाठी वेगळ्या, मराठीत छापलेल्या सूचना हातात ठेवणे आणि त्यात उपाशी न ठेवण्याची ओळ ठळक असणे, यांपैकी काहीच खर्चाचे नाही. मुंबईच्या पशुवैद्यक महाविद्यालयाची परंपरा १८८६ पासूनची आहे. नागपूरचे पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ २००० पासून राज्यभरातल्या पशुवैद्यक शिक्षणाचे काम पाहते. एका पानाचे असे पत्रक गावोगावच्या दवाखान्यांच्या भिंतींवर लागणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे नाही. काळजी पालकाची असली तरी तिला लागणारी माहिती पुरवणे एकट्या पालकाचे काम नाही.

ते होईपर्यंत त्या बाकावरच्या मुलीने पहाटे पाचला उठून कोपऱ्यातला कागद पाहायचा. सुरुवातीला मिरीएवढ्या दोन-तीन लेंड्या दिसतील, दुपारपर्यंत आकार वाढेल, एक-दोन दिवसांत नेहमीच्या वाटाण्याएवढ्या पडू लागतील. वेळ आणि आकडा वहीत लिहायचा, पाण्याची वाटी भरायची, आणि गवताचा कुडुम कुडुम आवाज यायला लागला की स्वतः तासभर झोपून घ्यायचे.